फॉर्म मिटल्यावर

चारही इमारतींचे जिने मावशींच्या गुडघ्यांना तोंडपाठ झाले होते. पहिल्या इमारतीचा जिना इतका अरुंद की समोरून बादली घेऊन कुणी आलं तर एकाला माघारी फिरावं लागे. दुसऱ्याचा कठडा हलत होता. तिसऱ्याच्या पायऱ्या लहान-मोठ्या, जणू गवंडी रोज वेगळा यायचा. चौथ्या इमारतीचा जिना त्यातल्या त्यात बरा, पण मजले पाच. मावशी म्हणायच्या, "देवाला सगळं एका जागी देता येत नाही बहुतेक."

मावशी हे काही त्यांचं नाव नव्हे. बावीस वर्षं त्या एका प्रसूतिगृहात मदतनीस होत्या. तिथे येणारी प्रत्येक बाई कळा येताना त्यांचा हात धरून "मावशी, मावशी" करायची, आणि निवृत्त झाल्यावर नोकरी सुटली तरी हाक सुटली नाही. घरी बसून दोन महिन्यांत भिंती अंगावर यायला लागल्या, तेव्हा एका संशोधन संस्थेने वस्त्यांमधल्या पाहणीसाठी बायका हव्यात असं कळवलं. अठरा ते चोवीस वर्षांच्या मुलींना शरीराबद्दल, पाळीबद्दल, दिवस कसे जातात, कसे टाळता येतात, कोणते आजार कशाने होतात याबद्दल काय माहीत आहे, हे विचारायचं होतं. असं विचारायला केस पिकलेली बाई बरी, असं तिथल्या सरांचं मत पडलं. मावशींचे केस त्या कामी पुरेसे पिकले होते.

प्रश्न चौऱ्याऐंशी. सगळे टॅबवर. एक उत्तर दाबलं की पुढचा प्रश्न उघडायचा, शेवटी हिरवी खूण यायची आणि फॉर्म मिटायचा. एकदा मिटला की त्यात बोटही घालता येत नसे.

शिकवणारी मॅडम तिशीच्या आतबाहेरची होती, काटकुळी, चष्मा सारखा वर सरकवणारी. बोलण्यात दर दोन वाक्यांना टक्केवारी यायची म्हणून बायका तिला पाठीमागे टक्केबाई म्हणत. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "आपण भिंत व्हायचं. भिंतीला कान असतात, तोंड नसतं. मुलगी काहीही म्हणाली तरी हसायचं नाही, दचकायचं नाही, चूक-बरोबर सांगायचं नाही. फॉर्म झाला की आभार मानायचे, दवाखान्याच्या नंबरचं कार्ड द्यायचं आणि उठायचं."

"आणि खरी उत्तरं कोणती, ते आम्हाला सांगणार ना?" एका बाईने विचारलं.

"मुद्दामच नाही सांगणार. मुलाखत घेणाऱ्याला उत्तर माहीत असलं की ते चेहऱ्यावर येतं. समोरची मुलगी चेहरा वाचून उत्तर देते."

मग तिने कारणही सांगितलं होतं, आणि ते मावशींच्या मनात बसलं होतं. अशा आठ वस्त्या पाहणीत होत्या. त्यातल्या दोनच वस्त्यांत मुलींसाठी वर्षभराचे वर्ग सुरू होणार होते. डॉक्टरीण येणार, शिकवणार, शंका फेडणार. ज्या वस्तीतल्या मुलींना सगळ्यांत कमी माहीत असेल तिथे. "म्हणून तर आकडा खरा हवा, काकू," मॅडम म्हणाली होती.

पहिले दोन आठवडे मावशी भिंत झाल्या. दार वाजवायचं, घरातल्या मोठ्या बाईला "आरोग्याची पाहणी आहे" म्हणून पटवायचं, मुलीला स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत एकटीला बसवायचं आणि विचारत जायचं. मुली खाली मान घालून टॅबच्या कडेकडे बघत म्हणत, "माहीत नाही." त्याचा कोड होता अठ्ठ्याण्णव. दिवस जाण्याची शक्यता केव्हा जास्त? अठ्ठ्याण्णव. कंडोम कशासाठी? अठ्ठ्याण्णव, आणि मग कान लाल. शंका आली तर कुणाला विचाराल? इथे मात्र बहुतेकींचं उत्तर असायचं. "कुणालाच नाही."

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांचे यजमान गरम पाण्याची बादली पुढे सरकवत विचारायचे, "आज किती अठ्ठ्याण्णव जमवलेस?"

"मोजवत नाहीत हो."

"एवढं अज्ञान रोज घरी आणतेस. ठेवायचं कुठे?"

मावशी हसायच्या आणि पाय पाण्यात सोडायच्या. पण मनातून शिणवटा उतरत नसे. बावीस वर्षं त्यांनी याच मुली पाहिल्या होत्या, फक्त नंतरच्या. टेबलावर आडव्या पडलेल्या, घाबरलेल्या, "मला वाटलंच नव्हतं" म्हणणाऱ्या. आता त्या आधीच्या भेटत होत्या आणि तरीही काही बोलायचं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात, दुसऱ्या इमारतीत, एक शिवणकाम करणारी वीस वर्षांची मुलगी भेटली. चौऱ्याऐंशी प्रश्न तिने कसेबसे संपवले. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. हिरवी खूण आली, फॉर्म मिटला, मावशींनी कार्ड काढलं, तर मुलीने त्यांचं मनगटच धरलं.

"मावशी, खरं सांगा. पाच दिवस वर गेलेत. तो नुसता बाकावर शेजारी बसला होता. एकदा गालाला... तेवढंच. देवाशपथ तेवढंच." मग तिने शिवणयंत्राच्या खणातून कागदाची पुडी काढली. "खालच्या आजीने दिलीये. आज रात्री घ्यायची म्हणाली. कडू आहे, पण पाडते म्हणाली."

मावशींनी पुडी हुंगली. कशाची होती देव जाणे, पण असल्या पुडीने रक्ताच्या थारोळ्यात आलेल्या दोघीजणी त्यांनी स्वतः उचलून टेबलावर ठेवल्या होत्या. त्यांनी टॅबकडे पाहिलं. फॉर्म मिटला होता. मिटलेल्या फॉर्मात आता काय शिरणार?

"अगं वेडे," त्या म्हणाल्या, "बाळ म्हणजे काय सर्दी आहे, शेजारी बसून लागायला?"

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. मग हसली, मग एवढी रडली की बाहेरून आईने "काय झालं गं?" म्हणून विचारलं. मावशींनी "हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तिच्या" असं आतूनच सांगितलं आणि तिला दहा मिनिटांत सगळं सांगितलं. दिवस कशाने जातात, कशाने जात नाहीत, उपाशी राहिलं आणि धास्ती घेतली तरी पाळी पुढे जाते, काय केलं तर काळजी नाही, आणि काही घडलंच तर तातडीची गोळी असते, ती किती वेळात घ्यायची. पुडी त्यांनी स्वतः मोरीत सोडली आणि वर दोन तांबे पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घराची कडी वाजवण्याआधीच दार उघडलं.

"सर्दीवाल्या मावशी तुम्हीच का?"

झालं. तिथून पुढे प्रत्येक घरी फॉर्म मिटला की मुलगी नीट सरसावून बसायची, आणि मावशी टॅब पिशवीत घालून बोलायच्या. नियम मोडतो आहोत असं त्यांना वाटलं नाही, असं नाही. पण फॉर्म होईपर्यंत त्या भिंतच असत. तोंड उघडायचं ते नंतर. आकडा आत सुरक्षित होता ना! एका घराचा पाऊण तास होता त्याचा सव्वा तास झाला. पाय सुजले. संध्याकाळी जेवताना घास हातात राहून डोळा लागायचा. पण अंगातल्या थकव्याला आता काही अर्थ होता, तो नुसता शिणवटा नव्हता.

पुढे पुढे फॉर्ममध्येच अठ्ठ्याण्णव कमी व्हायला लागले. तिसऱ्या इमारतीतल्या मुली पटापट उत्तरं द्यायच्या. चौथीतल्या तर प्रश्न संपायच्या आत. मावशींनी स्वतःची समजूत घातली की इकडच्या मुली जास्त शिकलेल्या असतील. मनाच्या एका कोपऱ्यात वेगळंच काही पडलेलं होतं, पण त्या कोपऱ्यात त्या केरसुणी नेत नव्हत्या.

सहाव्या आठवड्याच्या सोमवारी मॅडमने त्यांना एकटीला बोलावून घेतलं. कार्यालयाची खोली लहान होती. पंखा कुरकुरत होता, टेबलावर चहाच्या कपाची वर्तुळं एकमेकांत अडकलेली.

"काकू, तुमच्या वस्तीचं मी काय करू?" मॅडमने पडदा त्यांच्याकडे वळवला. "पहिल्या दोन आठवड्यांत बरोबर उत्तरं एकवीस टक्के. शेवटच्या दोन आठवड्यांत चौऱ्याहत्तर. वस्ती तीच, वय तेच, शिक्षण तेच. सर खूश आहेत. म्हणाले, इथल्या मुली पुढारलेल्या दिसतात, यांना वर्गांची गरज नाही, ही वस्ती यादीतून काढा."

मावशी पुढे वाकल्या. "काढा म्हणजे? वर्ग होणार नाहीत?"

"चौऱ्याहत्तर टक्क्यांना काय शिकवायचं?" मॅडमने चष्मा वर सरकवला आणि आवाज खाली आणला. "राग मानू नका. पण हे घरी बसून तर भरलेले नाहीत ना? जिने फार आहेत, मला माहीत आहे."

"मॅडम!" मावशींचा आवाज कधी चढत नसे, तो चिरकला. "एकेका घरी जाऊन आलेय मी. माझे गुडघे विचारा."

"गुडघ्यांची साक्ष चालत नाही हो. नियमाप्रमाणे फेरतपासणी करावी लागेल. उद्या मी सोबत येते. तुम्ही जाऊन आलेल्या घरी पुन्हा दहा प्रश्न विचारायचे."

तेव्हाच सांगता आलं असतं. मावशी उठल्या, दारापर्यंत गेल्या, परत वळल्याही. पण मॅडम फोनवर दुसऱ्या कुणाशी टक्के बोलायला लागली होती.

घरी आल्यावर त्यांनी यजमानांना सगळं सांगितलं. ते वर्तमानपत्राची घडी घालत म्हणाले, "मग सांगून टाक उद्या."

"त्रेसष्ट फॉर्म रद्द होतील हो. त्या पोरीच्या नंतरचे सगळे. पाच आठवड्यांतले तीन आठवडे पाण्यात. आणि मला ठेवतील का पुढे?"

"मग नको सांगू."

"आणि नाही सांगितलं तर चौऱ्याहत्तर टक्के खरे धरतील. वर्ग जातील. माझ्यामुळे."

"मग सांग."

"तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?"

"मी तुझ्या गुडघ्यांच्या बाजूचा," ते म्हणाले. "ते बिचारे दोन्हीकडून भरडले जाताहेत."

मावशींचा एक नेम होता. सकाळी देवापुढे दिवा लावताना त्या म्हणायच्या, आजच्या दिवसात खोटं बोलणार नाही. एका दिवसापुरतंच. जन्मभराचं वचन देवाला द्यावं एवढी आपली ऐपत नाही, हे त्या जाणून होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावताना ते शब्द ओठांशी आले आणि जरा अडखळले. तरी त्या म्हणाल्या.

मॅडम ठरल्या वेळी पहिल्या इमारतीच्या खाली उभी होती. फेरतपासणीची घरं तिनेच निवडली होती. पहिलं तिसऱ्या इमारतीत. तिथली मुलगी मॅडमला पाहून आधी बुजली, मग प्रश्न सुरू झाले तशी खुलली.

"नुसतं शेजारी बसल्याने, हात धरल्याने दिवस जाऊ शकतात का?" मॅडमने वाचलं.

"छे! बाळ म्हणजे काय सर्दी आहे, शेजारी बसून लागायला?"

मॅडमचा चेहरा भिंतीसारखा कोरा राहिला. तिने उत्तर दाबलं. दुसऱ्या घरी, एक मजला वर, तोच प्रश्न आणि तेच उत्तर, शब्दालाही धक्का न लावता. आतून आजीसुद्धा म्हणाली, "आमची पोर बोलते बाई फटकळ!"

चौथ्या इमारतीकडे चालताना मॅडम म्हणाली, "काकू, ही इकडची म्हण आहे का?"

"असेल," मावशी म्हणाल्या.

एवढा एकच शब्द. पण तो तोंडातून सुटला आणि सकाळचा दिवा विझल्यासारखं वाटलं त्यांना. पाच मजले त्या पायऱ्यांकडे बघतच चढल्या. मॅडमला वाटलं, दम लागला असेल.

पाचव्या मजल्यावरची मुलगी एकोणीस वर्षांची. माल बांधण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि आज रजेवर होती. घरात ती एकटीच. तिने दोघींना पाणी दिलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग बसली आणि पुन्हा पाहिलं. उत्तरं मात्र सगळी बरोबर, पण शाळेत उभं करून विचारल्यासारखी, चव नसलेली. शेवटचा प्रश्न तातडीच्या गोळीचा होता. संबंधानंतर किती वेळात घ्यावी लागते?

"चोवीस तासांत," ती म्हणाली. "दिवस उलटला की उपयोग नाही."

मॅडमने नोंद केली, आभार मानले, कार्ड दिलं आणि बूट घालायला बाहेर गेली. मावशी उठत होत्या तेवढ्यात मुलीने त्यांच्या पदराचं टोक धरलं. अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, परवा संध्याकाळचं असेल तर... म्हणजे मैत्रीण विचारत होती. गेलंच ना ते?"

मैत्रीण कोण, हे मावशींनी विचारलं नाही. बावीस वर्षांत मैत्रिणी पुष्कळ पाहिल्या होत्या त्यांनी. त्यांनी मनातल्या मनात तास मोजले. परवा संध्याकाळ, काल संध्याकाळ, आज सकाळचे अकरा. चोवीस केव्हाच उलटले होते.

"वेळ गेली गं," त्या म्हणाल्या. "मैत्रिणीला म्हणावं, आता पाळीची वाट बघ. चुकली तर लगेच दवाखान्यात ये. घाबरू नको म्हणावं."

मुलीने मान हलवली. तिने पदर सोडला आणि भांडी उचलून आत गेली.

जिना उतरताना मॅडम बोलायला लागली. तिला एकटीने विचार करायची सवय नव्हती. "गंमत बघा काकू. तिन्ही घरी नऊ उत्तरं बरोबर आणि दहावं चूक. चूकही तीच. परीक्षेत नक्कल करणारी पोरं पकडायची ना, तर बरोबर उत्तरांवरून पकडता येत नाहीत. चुकांवरून पकडायची."

मावशी दोन पायऱ्या वर थांबल्या. "दहावं चूक? गोळीचं?"

"हो ना. तिघीही चोवीस तासच म्हणाल्या."

"मग किती?"

मॅडमने वर पाहिलं. नियमाने सांगायचं नव्हतं, पण मुलाखती संपल्या होत्या. "तीन दिवसांपर्यंत घेता येते. जेवढी लवकर तेवढी चांगली, हे खरं. पण दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीसुद्धा उपयोग होतो. का?"

मावशींनी कठडा धरला. प्रसूतिगृहातल्या मोठ्या सिस्टर म्हणायच्या, चोवीस तास सांगावं, म्हणजे बाया धावत येतात. वीस वर्षांपूर्वी म्हणायच्या. मावशींनी ते देवाच्या वाक्यासारखं जपून ठेवलं होतं आणि त्रेसष्ट घरी वाटलं होतं.

त्या वळल्या आणि वर चढायला लागल्या.

"काकू? कुठे? काही राहिलं का वर?"

"मुलगी राहिली," मावशी म्हणाल्या.

इतक्या दिवसांत त्या एवढ्या भरभर कधी चढल्या नव्हत्या. चौथ्या मजल्यावर डावा गुडघा कळवळला, त्यांनी त्याला हातानेच पुढे लोटलं. मागून मॅडमच्या बुटांचा आवाज येत होता. दार उघडंच होतं. मुलगी ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ वाहत होता आणि हातातला पेला केव्हाचा धुऊन झाला होता.

"बाळा, मी चुकीचं सांगितलं," मावशी दारातूनच धापा टाकत म्हणाल्या. "आत्ता पण चुकीचं, आणि त्या दिवशी पण. चोवीस तास नव्हे, तीन दिवस. वेळ गेलेली नाही. पण जाईल. मैत्रिणीला सांग, आत्ताच्या आत्ता."

मुलगी त्यांच्याकडे, मग त्यांच्या मागे उभ्या मॅडमकडे बघायला लागली. कुणाचं खरं मानावं, हा प्रश्न तिच्या डोळ्यांत स्पष्ट होता, आणि तो बघून मावशींना मान खाली घालावी लागली.

मॅडमने चष्मा वर सरकवला. एक क्षण ती भिंत होती. मग म्हणाली, "बरोबर सांगताहेत त्या. तीन दिवस. औषधाच्या दुकानात मागितली की देतात. कुणी काही विचारलं, दिली नाही, तर या कार्डावरच्या नंबरला फोन कर आणि तिथेच उभी राहा."

"मैत्रीण," मुलगी म्हणाली.

"मैत्रिणीला सांग उभी राहायला," मॅडम म्हणाली.

नळ तसाच वाहता टाकून मुलगी चपला पायात सरकवत दोघींच्या मधून निघून गेली. खाली पाच मजल्यांपर्यंत तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत राहिला. मावशींनी आत जाऊन नळ बंद केला, दार ओढून घेतलं आणि वरच्या पायरीवर बसल्या. आता उभं राहणं शक्यच नव्हतं.

"'त्या दिवशी पण' म्हणालात," मॅडम म्हणाली. ती रागावली नव्हती. रागवायलाही जोर लागतो, तो तिच्यात दिसला नाही. "सगळ्यांना सांगत होता?"

"फॉर्म मिटल्यावर. आधी कधीच नाही. आणि ती म्हण इकडची नाही, माझी आहे. तेही खोटं बोलले."

"फॉर्म मिटतो हो काकू. पण पुढच्या घरचा उघडायचा असतो ना. ही खालच्या मजल्यावरच्या मुलीबरोबर कामाला जाते, ती पलीकडच्या इमारतीतल्या मुलीबरोबर पाणी भरते." ती त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. "तुम्ही रिकामा घडा मोजायला आला होता आणि वाटेत भरत सुटलात."

"रिकामा बघवला नाही."

"मला तरी कुठे बघवतो? मी म्हणून तर बाहेर पडत नाही. कार्यालयात बसून टक्के काढते." तिने मावशींकडे वळून पाहिलं. "आता सांगा मला, सरांना काय सांगू? चौऱ्याहत्तर टक्के राहिले तरी वस्ती यादीतून जाते, आणि फॉर्म बाद केले तरी सगळ्यांना उत्तरं कळून वस्ती बिघडली म्हणून जाते."

मावशींनी पिशवीतून आपली छोटी वही काढली. टॅबवर विश्वास नसल्याने त्या रोज घर आणि तारीख लिहून ठेवत. "पहिले अडतीस चांगले आहेत, मॅडम. त्या पुडीवाल्या पोरीच्या आधीचे. त्या दिवसांत मी भिंतच होते. तारीख आहे इथे. ते तरी धरा. एकवीस टक्के खरे आहेत हो. या पोरींना खरंच काही माहीत नाही. जे माहीत आहे ते माझं आहे, आणि तेही धड नाही."

मॅडमने वही घेऊन तारखा पाहिल्या. "अडतीसवर सर काय म्हणतील, सांगता येत नाही. कमी आहेत. मी मांडून बघेन. हे सगळं लिहावं लागेल मला, तुमचं नाव घेऊन."

"लिहा."

"आणि टॅब द्यावा लागेल. ओळखपत्रही."

मावशींनी गळ्यातली दोरी काढली. केसांत अडकली, ती मॅडमने सोडवली. टॅब पिशवीतून काढताना तो किती जड होता हे त्यांना पहिल्यांदाच जाणवलं.

"त्रेसष्ट घरी मी चोवीस तास सांगितलेत," त्या म्हणाल्या.

"मला कल्पना आहे. पण त्या घरी मी तुम्हाला पाठवू शकत नाही, काकू. तुम्ही आता संस्थेच्या नाही."

"पाठवू नका. मी आपली जाईन."

उठताना मॅडमने मावशींना हात दिला, आणि तळमजल्यापर्यंत सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी पुन्हा वस्तीत आल्या. गळ्यात काही नाही, हातात काही नाही, त्यामुळे दारं उघडायला जरा जास्त वेळ लागला. पाचव्या मजल्यापासून सुरुवात करावी म्हणून आधी तिथे गेल्या, तर मुलीची आई दारात आली. मुलगी कामावर गेली होती. "काही निरोप आहे का?" आईने विचारलं. मावशी नाही म्हणाल्या. मैत्रिणीचं काय झालं, ते त्या घरात विचारण्यासारखं नव्हतं. त्या खालच्या मजल्यावर उतरल्या.

"मावशी, पुन्हा प्रश्न?" दार उघडणारी मुलगी कुरकुरली. "मागच्या वेळी सव्वा तास घेतलात."

"प्रश्न नाही गं. एकच उत्तर. मी मागे चुकीचं दिलं होतं, ते बदलून द्यायला आलेय."

"म्हणजे तुम्ही पण चुकता?"

"बघ ना."

मुलगी हसली, पण ऐकताना गंभीर झाली. मग दुसरं दार, तिसरं दार. कुठे मुलगी घरी नव्हती, कुठे सासू दारातून हलेना, कुठे कुत्रं अंगावर आलं. एका मुलीने विचारलं, "मग बाकीचं तरी खरं होतं का?" मावशींना तिथे बसून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि ज्याची स्वतःला खात्री नाही तिथे त्या म्हणाल्या, "हे मला माहीत नाही. वर्ग झाले तर डॉक्टरीणबाईंना विचार." वर्ग होतील का, हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुपारपर्यंत अकरा घरं झाली. दुसऱ्या इमारतीच्या हलत्या कठड्याशी त्या टेकल्या. पाय दगडासारखे झाले होते. दोन मुली पाण्याच्या कळश्या घेऊन वर चालल्या होत्या. त्यांतली एक थांबून म्हणाली, "मावशी, तुम्ही बसा इथेच. आम्ही सांगतो वरच्यांना. तीन दिवस, हो ना? संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचवतो बघा. आमच्यात काही लपून राहत नाही."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. चांगली पोर होती. जीभही लांब असणार.

"नको बाळा," त्या म्हणाल्या. "तू सांगशीलच, सांग. पण मीही येते मागोमाग."

कळशीवाल्या पुढे झाल्या. मावशींनी एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर ठेवला आणि पुढची पायरी घेतली.